कानपिळीला भाऊ नव्हता

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर माझ्याशी गाठ आहे, एवढंच त्यातून सांगायचं असतं. बदल्यात भावाला शर्टपीस किंवा पाकीट मिळतं आणि मंडपात हशा पिकतो. मे २०१७ मध्ये सांगलीत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हा हा कान माझ्या मामेभावाने पिळला. मी डॅलसजवळच्या अपार्टमेंटमध्ये लॅपटॉपसमोर बसलो होतो. तिकडे भर दुपार होती, इकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते.

‘त्याला सुट्टी नाही मिळाली हो,’ असं आईने सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. मॅनेजरने दोन आठवडे आनंदाने दिले होते. पण खरं कारण सांगायला बसली असती तर पंगती उठल्या असत्या तरी ते संपलं नसतं. दर वर्षी अमेरिकेतल्या कुणा ना कुणा मराठी पोराला फोनवर हा प्रश्न येतोच, ‘अरे, नोकरी लागली ना आता? मग यायला काय होतंय?’ त्या फोनच्या दोन्ही टोकांसाठी हे लिहितोय.

मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि २०१४ मध्ये एफ-१ व्हिसावर एमएससाठी टेक्सासला आलो. मे २०१६ मध्ये डिग्री मिळाली. त्यानंतर विद्यार्थ्याला आपल्या विषयातलं काम करायला बारा महिन्यांची परवानगी मिळते, ती ओपीटी. आमच्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना तिच्यावर आणखी वाढ मिळते. आधी ती १७ महिन्यांची होती, मे २०१६ पासून २४ महिन्यांची झाली. या परवानगीचं जे कार्ड येतं ते ईएडी. ते हातात पडलं तेव्हा मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि बाबांनी ऑफिसात पेढे वाटले होते. बाबांना वाटलं, आता याचं इथलं बस्तान बसलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

पण ते कार्ड काम करायचं आहे, परत येण्याचं नाही. ओपीटीवर असलेला माणूस सरकारच्या लेखी अजून विद्यार्थीच असतो. देशाबाहेर पडताना त्याला कुणी अडवत नाही. परत येताना मात्र चार-पाच कागद एकाच वेळी जिवंत असावे लागतात आणि ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले असतात. पासपोर्ट आपल्या सरकारचा, व्हिसाचा शिक्का वकिलातीचा, ईएडी तिथल्या इमिग्रेशन खात्याचं, आय-२० हा कागद विद्यापीठाचा आणि नोकरीचं पत्र कंपनीचं. यातला प्रत्येक कागद आपापल्या तारखेला संपतो.

आय-२० ची गंमत मला डिसेंबर २०१६ मध्ये कळली. बहिणीला बघायला मंडळी येणार होती, म्हणून मी तीन आठवड्यांचं तिकीट काढलं. निघायच्या पंधरा दिवस आधी सहज आय-२० चं दुसरं पान उघडलं. प्रवासासाठी विद्यापीठाची सही तिथे असावी लागते. माझी होती, मे महिन्यातली. शिकत असताना ही सही वर्षभर चालते, ओपीटीवर मात्र सहाच महिने. हे वाक्य मला आधी कुणीतरी नक्की सांगितलं असणार, ओरिएंटेशनला वगैरे, पण तेव्हा आम्ही फुकटचा पिझ्झा खात होतो. त्या काळी सही शाईचीच लागायची. मग विनंती, कुरिअर आणि दररोज मेलबॉक्सच्या चकरा. नवीन कागद निघायच्या दोन दिवस आधी पोचला. आता विद्यापीठं डिजिटल सहीचा आय-२० ईमेलने पाठवू शकतात, ही करोनाकाळाची देणगी. पण सहा महिन्यांचा हिशेब तसाच आहे.

त्या वारीत मी होणाऱ्या मेव्हण्याला भेटलो. परत येताना विमान अबूधाबीमार्गे होतं. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसायच्या आधीच होतं, त्यामुळे अमेरिकेत नाकारलं जाण्याऐवजी वाळवंटातच नाकारलं जाण्याची सोय आहे. अधिकाऱ्याने ईएडी मागितलं, नोकरीचं पत्र वाचलं आणि कंपनी काय बनवते ते विचारलं. दीड मिनिटात शिक्का पडला. मी छातीशी धरलेल्या फाइलमध्ये डिग्रीपासून पगाराच्या स्लिपांपर्यंत सगळं होतं, त्यातलं निम्मंही त्याने पाहिलं नाही.

दोनच आठवड्यांनी, २७ जानेवारी २०१७ ला, सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदीचा आदेश निघाला. भारत त्यात नव्हता. इराण होता. माझ्या लॅबमधल्या एका इराणी मित्राची आई त्याला भेटायला यायची होती, ती आली नाही. तो पठ्ठ्या स्वतः तर सिंगल एंट्री व्हिसावर होता आणि तीन वर्षं घरी गेलाच नव्हता. त्याच्याकडे बघून मला आपल्या पाच वर्षांच्या व्हिसाची किंमत कळली. आणि खरं म्हणजे भीतीही तिथूनच आत शिरली.

फेब्रुवारीत सोयरीक पक्की झाली. मुलाकडच्यांना वैशाखातलाच मुहूर्त हवा होता. त्यांच्या आजी आजारी होत्या, थांबा म्हणणं शक्य नव्हतं. गुरुजींनी पंचांग उघडून मे महिन्यातले तीन दिवस सांगितले. त्याच आठवड्यात आमच्या कंपनीच्या वकीलबाईंनीही त्यांचं पंचांग उघडलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझा एच-१बीचा अर्ज जाणार होता.

एच-१बी म्हणजे विद्यार्थ्याचा नोकरदार होणं. त्या वर्षी ८५ हजार जागांसाठी १ लाख ९९ हजार अर्ज आले आणि लॉटरी निघाली. तेव्हा तुमचा नंबर लागला की नाही हे पटकन कळायचं नाही. फीचा चेक वटला की समजायचं लागला म्हणून. आमच्या कंपनीतल्या अकाउंट्सवाल्या बाईंना मी रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून भेटायचो. एप्रिलच्या शेवटी त्या स्वतःच माझ्या डेस्कपाशी आल्या, म्हणाल्या, गेला चेक. मी घरी फोन केला. आई म्हणाली, ‘बहिणीच्या पायगुणानं रे!’

माझ्या रूममेटचाही अर्ज होता. कोल्हापूरचा, माझ्याच बॅचचा. त्याचा चेक वटला नाही.

आता गोम अशी होती. माझ्या अर्जात दोन गोष्टी एकत्र होत्या. एक, या माणसाला एच-१बी द्या. दोन, तो अमेरिकेतच आहे, तर इथल्या इथे त्याचं स्टेटस विद्यार्थ्याचं बदलून नोकरदाराचं करा. ही दुसरी विनंती विचाराधीन असताना माणूस देशाबाहेर गेला, तर त्याने ती सोडून दिली असं धरतात. एरवी जादा पैसे भरले की पंधरा दिवसांत उत्तर मिळायची सोय असायची. नेमकी ३ एप्रिल २०१७ पासून ती एच-१बीसाठी थांबवली होती. म्हणजे अर्ज उन्हाळाभर पडून राहणार आणि मुहूर्त मध्यावर.

वाचकांनी इथे एक लक्षात घ्यावं, कारण त्या वेळी मीही ते सोयीस्करपणे धूसर ठेवलं होतं. मला जायला बंदी नव्हती. माझा व्हिसा २०१९ पर्यंत होता, ईएडी जुलैपर्यंत चालत होतं, आय-२० वर ताजी सही होती. मी सांगलीला जाऊन, अक्षता टाकून, कान पिळून, रीतसर परत येऊ शकलो असतो. इथल्या इथे स्टेटस बदलणं तेवढं गेलं असतं. एच-१बी मंजूर झाला असता, तरी तो सुरू करायला नंतर पुन्हा बाहेर जाऊन वकिलातीतून शिक्का आणावा लागला असता. वकीलबाई म्हणाल्या, ‘वी डोन्ट रेकमेंड इट.’ मी विचारलं, ‘म्हणजे जाऊ नको?’ त्या म्हणाल्या, निर्णय तुझा. वकिलांना हे वाक्य कॉलेजात शिकवत असावेत.

मी चार रात्री जागलो. कागदावर दोन रकाने केले. एका बाजूला लॉटरी, कर्जाचे राहिलेले अकरा लाख, बाबांच्या नावावरचं तारण. दुसऱ्या बाजूला बहीण. दुसरा रकाना एकाच शब्दाचा होता म्हणून तो हलका वाटला की काय, कोण जाणे. शेवटी मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तू नको येऊस. मी बघतो.’ बहिणीला मीच सांगितलं. ती म्हणाली, ‘दादा, तुला यायचं नाहीये की येता येत नाहीये?’ मी म्हटलं, येता येत नाही. हे अर्धंच खरं होतं आणि ती हुशार आहे.

आणि गेला कोण? माझा रूममेट! लॉटरी न लागल्यामुळे त्याचा कुठलाही बदल विचाराधीन नव्हता. त्याचे सगळे कागद जिवंत, त्यामुळे तो मे महिन्यात बिनघोर घरी गेला. ज्याचा नंबर लागला तो अडकला आणि ज्याचा हुकला तो आंबे खाऊन आला. जाताना मी त्याच्याकडे बहिणीसाठी घड्याळ दिलं. कोल्हापूरहून तो लग्नाला गेला, मंडपात फोन धरून उभा राहिला. नेटवर्क धड नव्हतं, मंगलाष्टकं तुकड्या-तुकड्यात ऐकू आली. कानपिळीच्या वेळी त्याने फोन अगदी नवरदेवाच्या कानाजवळ नेला आणि ओरडला, ‘बोल भावा!’ मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, ‘अभिनंदन, जीजू.’ तेवढ्यात चित्र गोठलं.

पुढचं थोडक्यात. ऑगस्टमध्ये माझ्या अर्जावर आणखी पुरावे मागवले. त्या उन्हाळ्यात सॉफ्टवेअरवाल्या अनेकांना ही पत्रं आली होती. सप्टेंबरअखेर मंजुरी आली. मुलाकडच्या आजी लग्नानंतर महिनाभरात गेल्या, म्हणजे त्यांची घाई खरीच होती. जावयाच्या दिवाळसणालाही मी नव्हतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत देऊन शिक्का घेतला आणि मगच सांगलीची बस धरली. बहिणीने माझ्यासाठी कानपिळीचा शर्टपीस ठेवला होता. मामेभावाला वेगळा दिला होता म्हणे. तो शर्ट मी अजून शिवलेला नाही.

मी बरोबर केलं का? रूममेटला पुढच्या वर्षी लॉटरी लागली, आज आम्ही दोघेही सारख्याच रांगेत ग्रीनकार्डाची वाट बघतोय. वर्षभराच्या पुढाव्यासाठी मी काय दिलं, याचा हिशेब काही दिवशी जमतो, काही दिवशी नाही.

आता आत्याचा नातू ओपीटीवर आहे, शिकागोजवळ. त्याच्या वेळचे नियम आणखी कडक आहेत. सप्टेंबर २०२५ पासून व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यायचा तर बहुतेक सगळ्यांना वकिलातीत प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते. विद्यार्थ्यांचं सोशल मीडिया खातं तपासणीसाठी खुलं ठेवायला सांगतात. व्हिसा संपलेला असेल तर दोन आठवड्यांच्या सुट्टीत जाऊन येईन, या भरवशावर तिकीट काढू नये. व्हिसा संपला म्हणून अमेरिकेतला मुक्काम बेकायदा होत नाही, ही गोष्ट घरच्यांना कितीदा समजावली तरी ते घाबरतातच. तो फक्त दारातून आत यायचा परवाना आहे.

आणि ज्यांना नोकरी लागायचीच आहे त्यांनी तर जास्तच जपावं. ओपीटीत बेकारीचे ९० दिवस मोजले जातात, वाढीव मुदत मिळाल्यावर सगळे मिळून १५०. नोकरी नसताना भारतात घालवलेले दिवसही त्यात धरतात. डिग्रीनंतर ओपीटीचा अर्जच न करता घरी गेलात, तर त्या आय-२० वर परत येणं नाही. अर्ज करून गेलात तर पावती असते, पण मंजूर झालेलं कार्ड अमेरिकेतल्याच पत्त्यावर येतं. माझ्या एका ज्युनिअरचं कार्ड त्याच्या रूममेटच्या पिझ्झाच्या कुपनांखाली तीन आठवडे पडून होतं आणि पोरगं नागपुरात हवालदिल.

परवा या नातवाचा फोन आला. त्याच्या बहिणीचं डिसेंबरात लग्न आहे, तुळशीचं लग्न झाल्यावरचा पहिलाच मुहूर्त. ‘काका, तिकीट स्वस्त मिळतंय, काढू का?’ मी विचारलं, एच-१बीचा अर्ज? म्हणाला, यंदा नंबर लागला नाही. मी चक्क म्हटलं, ‘छान!’ तो गप्प झाला. मग म्हटलं, व्हिसा कधीपर्यंत? पुढच्या वर्षीपर्यंत. नोकरीचं पत्र? मिळेल. आय-२० च्या दुसऱ्या पानाचा फोटो पाठव.

फोटो आला. सही मार्चमधली होती.

‘आजच ईमेल कर,’ म्हटलं, ‘आणि नवीन सही येईपर्यंत तिकिटाला हात लावू नको.’