पुस्तकाला वाचक कसा मिळतो?

शाळेच्या कपाटात असे एखादे पुस्तक असतेच, की जे आल्यापासून कुणी उघडलेले नाही. ते आले आहे, हेच कुणाला ठाऊक नसते. गणिताचे प्राध्यापक एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. तिसरा नियम असा: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणजे वाचक शोधायचा तो ग्रंथालयाने!

फलकावर नव्या पुस्तकांची यादी लावून हे साधत नाही. पन्नास नावांतले आपले एक शोधायला कोण थांबतो? १९५८ साली आय.बी.एम.मधील हान्स पीटर लून यांनी वेगळी युक्ती सुचवली. प्रत्येक वाचकाच्या आवडीचे शब्द नोंदवायचे, नव्या लेखातले महत्त्वाचे शब्द काढायचे आणि यंत्राने दोन्ही ताडून पाहायचे. पुरेसे शब्द जुळले, तरच त्या वाचकाला कळवायचे. वाचक कोणते लेख मागवतो, त्यावरून त्याची यादी सुधारत राहायची.

वर्गात हे संगणकाशिवायही करता येईल. प्रत्येक मुलाचे एक कार्ड, त्यावर त्याचे चार विषय: पतंग, साप, रेडिओ, क्रिकेट. नवे पुस्तक आले की कार्डे चाळायची आणि जुळेल त्याला चिठ्ठी द्यायची. अडचण एकच. ‘साप’ लिहिणाऱ्याला ‘सरपटणारे प्राणी’ या पुस्तकाची चिठ्ठी जाणार नाही. त्यासाठी जवळच्या शब्दांची एक वही हवी. ती मुलांकडूनच करून घ्यावी.