जर्मन संस्कृतीचा अभ्यास : का आणि कसा?

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला आणि जर्मन भाषेच्या वर्गांकडे आपल्या तरुणांचा ओढा वाढला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा अनेक व्यवसायांतील मुलेमुली आज 'देर, दी, दास' घोकीत आहेत. परिचारिकेला तेथे पूर्ण मान्यता मिळविण्यासाठी साधारणतः 'बी-२' ही पातळी गाठावी लागते. त्यामुळे व्याकरणाकडे सर्वांचे लक्ष असते, ते योग्यच आहे. परंतु भाषा ही एका समाजाची स्मृती असते. ती स्मृती न जाणता केवळ शब्द पाठ करणारा त्या देशात राहू शकेल, त्या माणसांत मिसळू शकणार नाही. म्हणून विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत.

आपल्या प्रदेशातील जर्मन वारसा

जर्मन संस्कृती आपल्याला वाटते तितकी परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुणे मिशनची धुरा जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी वाहिली. पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स विद्यालय (१८६७) व मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय (१८६९) ही त्याच काळातील कामे. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले महागुरुस्वामी बाइडर-लिंडेन हेही जर्मनच होते. पहिले महायुद्ध पेटले आणि हेच धर्मगुरू ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले व पुढे मायदेशी पाठविण्यात आले.

दुसरा धागा विद्येचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविणारे फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना १८८५ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली. एक एक पाठभेद तपासून मगच निष्कर्ष काढावयाचा, ही शिस्त आपल्या संशोधनात रुजविण्यात अशा संबंधांचा मोठा वाटा आहे.

कौतुक आणि सावधानता

कोल्हापूरकरांना अधिक जवळचे उदाहरण चित्रपटाचे आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली. 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करण्याच्या जिद्दीने व्ही. शांताराम १९३३ मध्ये जर्मनीस गेले. रंगांचा प्रयोग मनासारखा साधला नाही. तरीही तेथील छायालेखन, प्रकाश आणि सावली यांचा नाट्यमय उपयोग त्यांनी पाहिला आणि त्याची छाप 'अमृतमंथन' (१९३४) या चित्रपटात दिसते.

मात्र ते वर्ष ध्यानात ठेवावे. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चान्सेलर झाला होता. उत्तम भिंगे व उत्तम ग्रंथ निर्माण करणारा समाजच त्या वर्षी विनाशाच्या वाटेस लागला. विद्या आणि कला माणसाला आपोआप सज्जन करीत नाहीत, हा जर्मन इतिहासाचा पहिला कटू धडा आहे.

त्या विद्येतील विष एका मराठी विदुषीने आधीच अनुभवले होते. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटसाठी काम करीत होत्या. युरोपीय वंशाची बौद्धिक श्रेष्ठता कवटीच्या रचनेत दिसते, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या आणि त्या धारणेस आधार मिळत नाही, असाच निष्कर्ष लिहिला. गुरू नाराज होईल हे ठाऊक असूनही त्यांनी मोजमाप बदलले नाही. जर्मन शास्त्रशुद्धता त्यांनी आत्मसात केली, पण त्या शास्त्राच्या नावाने चाललेला अहंकार स्वीकारला नाही. परदेशी शिकावयास जाणाऱ्या प्रत्येकाने हा विवेक शिदोरीसारखा बरोबर न्यावा.

वळिवड्याची साक्ष

या इतिहासाची दुसरी बाजू कोल्हापूरच्या वेशीवरच पाहावयास मिळते. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. दोन्ही सत्तांनी आधीच गुप्तपणे पोलंडची वाटणी ठरविली होती. पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सोव्हिएत सत्तेने सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. पुढे १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केल्यावर त्यांच्यातील काहींची सुटका झाली आणि इराणमार्गे काही निर्वासित भारतात पोहोचले. त्यांपैकी सुमारे पाच हजार जण, मुख्यतः स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके व सण होते. छावणी रिकामी झाल्यावर त्याच परिसरात फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले. तेच आजचे गांधीनगर.

पोलंडमध्येच राहिलेल्यांचे काय झाले? सुमारे साठ लाख पोलिश नागरिक या युद्धात मृत्युमुखी पडले. त्यांतील सुमारे निम्मे यहुदी होते. डाखाऊच्या छळछावणीत सुमारे २,७०० धर्मगुरू व धर्मसेवक डांबले गेले, त्यांत बहुसंख्य पोलिश होते. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे ऑशविट्झमधील बलिदान (१९४१) आपणांस परिचित आहेच. आणि हे सर्व चालू असताना पुणे धर्मप्रांताचे प्रमुख महागुरुस्वामी डोरिंग हे जन्माने जर्मन होते. तेव्हा 'जर्मन' म्हणजे केवळ नाझी, असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच नाझी काळ वगळून जर्मनीचे गोडवे गाणेही चुकीचे.

अपराधाची कबुली

जर्मन समाजाकडून आज शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे आम्हांस विचारले तर आम्ही मोटारी किंवा यंत्रे यांचे नाव घेणार नाही. आपल्या अपराधाकडे पाहण्याचे धैर्य, हे आमचे उत्तर असेल.

हे धैर्य सहज आले नाही. युद्धानंतर अनेक वर्षे मौनच होते. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, पोलंडच्या महागुरुस्वामींनी जर्मन महागुरुस्वामींना पत्र लिहून क्षमा केली आणि क्षमा मागितलीही. ज्यांनी अधिक सोसले त्यांनीच पहिला हात पुढे केला, म्हणून पोलंडमधील साम्यवादी सरकारने त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. ७ डिसेंबर १९७० रोजी चान्सेलर विली ब्रान्ट यांनी वॉर्सा येथे यहुदींच्या स्मारकापुढे गुडघे टेकले. २०२० मध्ये जर्मन महागुरुस्वामींनीही मान्य केले की, त्यांच्या पूर्वसूरींनी युद्धाला स्पष्ट विरोध केला नाही आणि म्हणून तेही अंशतः दोषी ठरतात. म्युन्स्टरचे महागुरुस्वामी फोन गालेन यांनी १९४१ मध्ये अपंग व मनोरुग्णांच्या हत्येविरुद्ध जाहीर प्रवचने केली होती. परंतु एकाच्या धैर्याआड इतरांचे मौन लपविण्यात आले नाही.

येथे आपल्या तरुणांशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्यांकडे सहज मिळते. 'देशाला असा शिस्तीचा माणूस हवा', असे उद्गारही ऐकू येतात. जर्मनीत हेच वाक्य कौतुकाने बोललात तर शेजारी अवाक होईल. नाझी पद्धतीचा सलाम व नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन हा तेथे गुन्हा आहे. यहुदी संहार जाहीरपणे नाकारणे हाही गुन्हाच आहे. परंतु कायद्याची भीती हे खरे कारण नव्हे. ज्या 'शिस्ती'ने साठ लाख यहुदींचा संहार केला, तिचे कौतुक ख्रिस्ती अंतःकरणात बसूच शकत नाही.

आजच्या जर्मनीत राहताना

आजच्या जर्मन जीवनातील तीन गोष्टी जाण्यापूर्वीच समजून घ्याव्यात.

पहिली, कामाची प्रतिष्ठा. 'आउसबिल्डुंग' या पद्धतीत तरुण काही दिवस कारखान्यात किंवा रुग्णालयात व काही दिवस शाळेत शिकतो, आणि त्यास विद्यावेतन मिळते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीतील कारागीर हाताखाली काम करीतच घडला. जर्मनीने त्याच रीतीला अभ्यासक्रम, परीक्षा व 'माइस्टर' ही मानाची पदवी जोडली. व्यवसायाला जर्मनमध्ये 'बेरुफ' म्हणतात. हा शब्द 'हाक' या अर्थाच्या धातूपासून आला आहे.

दुसरी, रविवार. तो विश्रांतीचा दिवस म्हणून राज्यघटनेनेच संरक्षिलेला आहे. बहुतेक दुकाने बंद असतात आणि मोठा आवाज करणे गैर समजले जाते.

तिसरी गोष्ट कॅथलिकांसाठी विशेष महत्त्वाची, ती म्हणजे चर्च-कर. तेथे पत्त्याची नोंदणी करताना धर्म विचारला जातो. 'रोमन कॅथलिक' असे लिहिल्यास आयकराच्या ८ टक्के (बाडेन-व्युर्टेमबर्ग व बव्हेरियात) किंवा ९ टक्के (अन्य राज्यांत) रक्कम पगारातून कापली जाते. हा टक्का पगारावर नसून आयकराच्या रकमेवर असतो, हे ध्यानात घ्यावे. पैसे वाचविण्यासाठी 'धर्म नाही' असे लिहा, असा सल्ला देणारे भेटतील. परंतु असे लिहिणे म्हणजे आपली श्रद्धा लेखी नाकारणे होय. शिवाय जो शासकीय कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याची अधिकृत नोंद करतो, त्याला पवित्र संस्कार घेता येत नाहीत, असे जर्मन महागुरुस्वामींनी २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. निर्णय अज्ञानातून होऊ नये, घरी चर्चा करून व्हावा.

विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. परीक्षेच्या तयारीतून एक दिवस काढून कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील पोलिश स्मारक पाहावे आणि ख्रिस्ती दफनभूमीतील पोलिश कबरींपाशी प्रार्थना करावी. उद्या एखाद्या जर्मन रुग्णालयात वृद्ध रुग्णाने 'तू कोठून आलीस?' असे विचारले, तर कोल्हापूरच्या मुलीपाशी सांगण्यासारखे पुष्कळ असेल.