योजनेत सोनोग्राफी, सीटी स्कॅन कुठे होतो?

‘योजनेत बसणारे रेडिओलॉजिस्ट कुठे आहेत?’ असे विचारत अकोले-पारनेरकडचे रुग्ण अहिल्यानगरला येतात. पण शोध डॉक्टरचा नव्हे, रुग्णालयाचा घ्यायचा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत करार रुग्णालयाशी होतो. उपचाराच्या पॅकेजमध्येच त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या धरलेल्या असतात. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीच्या 3 दिवसांच्या तपासण्याही येतात. नुसती चिठ्ठी घेऊन खासगी सेंटरवर एमआरआय केला, तर खर्च खिशातूनच. ही योजनेची मोठी उणीव आहे. निदानच झाले नाही तर पॅकेज ठरणार कसे?

म्हणून आधी जिल्हा रुग्णालय गाठावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. लोणी आणि विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रेडिओलॉजी विभाग आहेत. तिथे तपासणी करण्यापूर्वी आपला आजार योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारावे. योजनेचा हा मदतनीस संलग्न रुग्णालयातच बसतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत हवे. दाखल रुग्णाकडून स्कॅनचे वेगळे पैसे मागितले, तर 155388 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करा.