शुगर आहे आणि रोजेही ठेवायचे आहेत? आधी गोळीचं नाव बघा

रमजान जवळ आला की घराघरात एक विषय हमखास निघतो. अम्मीला शुगर आहे, अब्बा इन्सुलिन घेतात, मग रोजे ठेवायचे की नाही? डॉक्टर नाहीच म्हणतील, या भीतीने बरेच जण विचारतच नाहीत. सकाळची गोळी सहरीला, रात्रीची इफ्तारला, असा हिशोब घरीच लावून मोकळे होतात. खरा धोका याच हिशोबात आहे.

संशोधन काय सांगतं?

२००१ च्या रमजानमध्ये भारतासह १३ मुस्लिमबहुल किंवा मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांत १२ हजारांहून अधिक मधुमेहींचा अभ्यास झाला. 'एपिडायर' नावाने तो ओळखला जातो. टाइप २ मधुमेह असलेल्या सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवले होते. याच गटात शुगर धोकादायकरीत्या घसरण्याचं प्रमाण एरवीच्या तुलनेत साडेसात पट झालं. शुगर फार वाढून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाणही वाढलं.

पण सगळ्या गोळ्यांचा धोका सारखा नसतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. सकाळचा पूर्ण डोस सहरीला घेतला आणि पुढे १३-१४ तास काही खाल्लं नाही, तर दुपारी हात थरथरणं, घाम, चक्कर सुरू होऊ शकते. त्यातही जुनी ग्लिबेनक्लामाइड जास्त धोक्याची मानली जाते. मेटफॉर्मिन आणि ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनी शुगर अशी घसरण्याची शक्यता बरीच कमी असते.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हर्च्यू' अभ्यासात आशिया व मध्यपूर्वेतले १,३०० हून अधिक रोजेदार होते. सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांपैकी १९.८ टक्के लोकांची शुगर रमजानमध्ये घसरली. विल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांपैकी ५.४ टक्के लोकांची. मात्र हा अभ्यास औषध बनवणाऱ्या कंपनीच्या खर्चाने झाला होता आणि कोणाला कोणती गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे हे आकडे वाचून स्वतःच गोळी बदलू नये. डॉक्टरांना विचारायला मात्र ते पुरेसे आहेत.

समजावून सांगण्याचाही फायदा

लंडनमधला एक छोटा अभ्यास आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १११ रोजेदार होते. ज्यांना रमजानपूर्वी आहार, औषध आणि तपासणीबद्दल समजावलं, त्यांच्यात शुगर घसरण्याच्या घटना ९ वरून ५ वर आल्या. ज्यांना समजावलं नव्हतं, त्यांच्यात त्या ९ वरून ३६ वर गेल्या.

घरात काय करायचं?

- रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. "मला रोजे ठेवायचे आहेत," असं स्पष्ट सांगा.
- इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया असेल तर डोस आणि वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.
- डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होऊ शकतं. ऐन रमजानच्या तोंडावर ती नव्याने सुरू करू नका.
- रोज्यातही शुगर तपासा. बोटातून थेंबभर रक्त घेतल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमांचं मत आहे.
- शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडा. इफ्तारला दहाच मिनिटं उरली असली तरी थांबू नका.

टाइप १ मधुमेह, किडनीचा गंभीर आजार, गरोदरपणातला इन्सुलिनवरचा मधुमेह किंवा नुकतीच शुगर घसरून बेशुद्ध झालेली व्यक्ती, यांना धोका फार जास्त असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत यासाठी गुण देण्याची पद्धत आहे. सहापेक्षा जास्त गुण म्हणजे जास्त धोका.

आजारी माणसाला सवलत सूरह बकरामध्येच (आयत १८४-१८५) दिलेली आहे. कजा करायची की फिदिया द्यायचा, हे आलिमांना विचारा. आणि घरातल्या एखाद्या बुजुर्गाने रोजा सोडला, तर त्यांना कमीपणा वाटेल असं काही बोलू नका. लोक काय म्हणतील या भीतीनेच अनेकजण चक्कर येत असतानाही मगरिबची वाट बघत बसतात.