मुंबईत बांधलेली ‘सुहैली’: छोट्या शिडाच्या नौकेची रचना

विश्रामबागेत बसून समुद्राचं काय बोलायचं, असं वाटू शकतं. पण सांगलीकरांना होडी काही नवीन नाही. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती आपण बघतो. त्या होड्या लांब, अरुंद आणि हलक्या. वल्ही मारणाऱ्यांच्या ताकदीवर सुसाट जाणाऱ्या. आज आपण बरोबर उलट्या स्वभावाची नौका समजून घेणार आहोत.

तिचं नाव ‘सुहैली’. लांबी साधारण ३२ फूट, रुंदी ११ फूट. मुंबईतल्या सुतारांनी सागवानात, वाकसानं तासून बांधलेली. १९६४ साली ती पाण्यात उतरली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, व्यापारी जहाजावरचे इंग्रज अधिकारी. नकाशा अमेरिकन आराखडाकार विल्यम ॲटकिन यांचा, आणि त्यामागची मूळ कल्पना नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बचावनौकांची. म्हणजे वादळात बाहेर पडण्यासाठीच केलेली घडण.

१४ जून १९६८ ला नॉक्स-जॉन्स्टन या नौकेतून इंग्लंडहून एकटेच निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठंही न थांबता पृथ्वीला वळसा घालून परतले. असं करणारा हा पहिला माणूस. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते. शेवटपर्यंत पोचले ते हे एकटेच, आणि तेसुद्धा काही सगळ्यात वेगवान नौकेतून नव्हे.

वेगाचं आधी सांगतो. नौका चालताना स्वतःच एक लाट उठवते. वेग वाढेल तशी ती लाट लांब होते. लाटेची लांबी नौकेच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली, की नौका स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते. पुढं कितीही वारा द्या, फारसा फायदा नाही. सुहैलीची पाण्यातली लांबी २८ फूट. हिशेब केला तर मर्यादा येते सुमारे ७ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. आपला सायकलवाला पुढं जाईल! प्रत्यक्षात तिची सरासरी पडली ४ नॉटच्या आसपास.

आता तोल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली, ते इथं कुणी विसरलेलं नाही. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, असं तेव्हा समोर आलं. उथळ, सपाट बोटीत माणसांचं वजन पाण्याच्या वरच राहतं. बोट कलली की तेच वजन तिला आणखी कलवतं. शिडाच्या नौकेला तर वारा सतत ढकलतच असतो. म्हणून तळाशी, पाण्याखाली, लोखंडाचं वजन बसवतात. पाडली तरी उभी राहणारी बाहुली असते ना, तसंच. याची किंमत काय? सुहैलीला निदान साडेपाच फूट पाणी लागतं. उन्हाळ्यातल्या कृष्णेत ती बऱ्याच ठिकाणी टेकेल.

या वजनाचा आधार म्हणजे तळाचा कणा, कील. शर्यतीच्या आधुनिक नौकांना तो माशाच्या परासारखा आखूड असतो. नौका पटकन वळते, पण सुकाणू सोडलं की भरकटते. सुहैलीचा कणा लांब, जवळजवळ पुढून मागपर्यंत. बंदरात वळवताना वैताग येतो, पण खुल्या समुद्रात ती रेघ धरून चालते. मागचं टोकही पुढच्यासारखंच निमुळतं. मागून आलेली लाट सपाट फळीवर आदळत नाही, दुभंगून जाते.

डोलकाठ्या दोन. त्यामुळं एकेक शीड लहान, एका माणसाला पेलेल असं. वारा वाढला की मधलं मोठं शीड उतरवायचं आणि पुढच्या-मागच्या लहान शिडांवर तोल साधायचा. हे फार महत्त्वाचं ठरलं. कारण ऑस्ट्रेलियाजवळ त्यांचं आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्र मोडलं. एकटा माणूस चोवीस तास सुकाणूवर बसणार कसा? झोपणार कधी? त्यांनी शिडं अशी जुळवली की नौका बरीचशी स्वतःच वाट धरून चालली. राहिलेला प्रवास असाच झाला. हलक्या, चपळ नौकेनं हे करू दिलं असतं, असं मला वाटत नाही.

म्हणून ती अभेद्य होती का? अजिबात नाही. तळाच्या फळ्यांमधून पाणी येऊ लागलं, तेव्हा भर समुद्रात बुडी मारून त्यांनी फट बुजवली. दक्षिणेकडच्या वादळात ती आडवी झाली, केबिन हलली, टाकीतलं गोडं पाणी खराब झालं. मग पावसाचं पाणी साठवत पुढं जावं लागलं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्यासाठी गोव्यात सुहैलीचीच प्रतिकृती बांधली, ‘थुरिया’. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली. दोन्ही डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. पण नौका पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली. मदत येईपर्यंत ते तिच्यातच पडून होते. २०२३ मध्ये हेच टॉमी त्याच स्पर्धेत दुसरे आले, ‘बायानात’ या ३६ फुटी फायबरच्या नौकेतून. ती सागवानी नव्हती. पण कणा मात्र लांबच, कारण त्या स्पर्धेत आखूड कण्याची नौका चालतच नाही.