अर्जातील ‘मी’

आमच्या व्यापारी घराण्यांना लेखणी काही परकी नव्हे. रोजमेळ, खतावणी आणि बाजारभाव कळविणारी पत्रे लिहिण्यात मागील पिढ्यांची हयात गेली. परंतु त्या साऱ्या लेखनात ‘मी’ हा शब्द क्वचितच येई. पत्र पेढीच्या नावे जाई आणि उत्तरही पेढीच्याच नावे येई. आज त्याच घरांतील मुलामुलींवर स्वतःविषयी निबंध लिहून परक्या परीक्षकांपुढे ठेवण्याचा प्रसंग आला आहे.

बेळगावचे लिंगराज महाविद्यालय असो वा निपाणीलगत अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय असो, तेथे प्रवेशासाठी मुख्यतः गुणपत्रिका पाहिली जाते. अमेरिकेतील कित्येक विद्यापीठांच्या सामाईक अर्जात मात्र २५० ते ६५० शब्दांचा निबंध असतो. इंग्लंडमध्ये २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांची मिळून ४००० अक्षरांत उत्तरे द्यावी लागतात. मूल काय शिकले हे गुण सांगतात. येणारे मूल कोण, हे त्यांना निबंधातून जाणून घ्यावयाचे असते. हे निबंध द्रव्य घेऊन लिहून देणारेही आता झाले आहेत. त्याविषयी न बोललेलेच बरे.

गतवर्षी निपाणीचे एक वृद्ध तंबाखू व्यापारी आपल्या नातीस घेऊन आमच्याकडे आले. तिच्या निबंधात नेतृत्व होते, सेवाभाव होता, विश्वबंधुत्वही होते. निपाणी मात्र कोठेच नव्हती. आम्ही तसे म्हणताच तिने संकोचाने दुसरा कागद पुढे केला.

त्यात १९८१ सालची हकीकत होती. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी रास्त भावासाठी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. एप्रिलमध्ये गोळीबार होऊन त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. मुलीने घरात ते साल केवळ ‘वखार बंद पडल्याचे साल’ म्हणून ऐकले होते. पुढे शाळेतील एका मैत्रिणीच्या घरी तीच गोष्ट तिने शेतकऱ्याच्या तोंडून ऐकली. पिकाचा भाव ठरतो कसा, हे शिकण्यासाठी तिला अर्थशास्त्राकडे जावयाचे होते.

“घरची गोष्ट परमुलखात कशाला सांगायची, बाळ?” आजोबा म्हणाले. आम्हीही, खरे सांगावयाचे तर, त्यांचीच री ओढली आणि वक्तृत्वाच्या बक्षिसावर लिहिण्याचा सल्ला दिला.

रात्री आम्हांस आनंदीबाई जोशी यांच्या अर्जाची आठवण झाली. २८ जून १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयास त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्यात बढाई नाही. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्या मोकळेपणाने लिहितात. आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलो, हेही लपवीत नाहीत. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी वैद्यक शिकावयाचे आहे, हा हेतू त्या स्पष्ट मांडतात. प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले. निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या त्या शहराशी या अर्जाचा असा संबंध आहे. घरची गोष्ट परमुलखात सांगितल्यावाचून तो अर्ज लिहिलाच गेला नसता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीस बोलावून आमचा सल्ला मागे घेतला. आजोबांस खलनायक करू नये आणि त्यांची तरफदारीही करू नये. जे ज्याच्या तोंडून ऐकले, ते त्याचे म्हणूनच लिहावे. आणि स्वतःच्या बोलण्यात कधी न येणारे शब्द गाळावेत, एवढेच सुचविले.

“काका, पाठविण्यापूर्वी आप्पांना वाचून दाखवू?” तिने विचारले.

“अवश्य,” आम्ही म्हणालो.

तिने इंग्रजी निबंधातील एकेक वाक्य मराठीत सांगितले. आप्पासाहेब डोळे मिटून ऐकत होते. वखार दहा दिवस बंद होती, या वाक्याला त्यांनी हात वर केला. “दहा नव्हेत,” ते म्हणाले, “माळ्यावरची त्या सालची वही काढ.” वही आली, धूळ झाडली गेली, पाने उलटली. नोंद बावीस दिवसांची निघाली. आप्पासाहेबांनी स्वतः आकडा दोनदा पडताळला आणि मग निबंधात तो दुरुस्त करावयास सांगितला.