काटा हलला नाही तरी चालणे सोडू नका

गेल्या महिन्यात पंचेचाळिशीच्या एक भगिनी दवाखान्यात आल्या. तीन महिन्यांपूर्वी त्यांचे वजन ७८ किलो होते. मी रोज चालायला व आहार सांभाळायला सांगितले होते. काट्यावर उभ्या राहिल्या आणि हिरमुसल्या. "डॉक्टर, एवढे चालून दोनच किलो? सोडून देऊ का?" मी रक्तदाब मोजला. आधी १५०/९४ होता, तो १३६/८६ वर आला होता. गोळी तीच होती.

असे का झाले? रक्तवाहिन्या म्हणजे नळाचे निर्जीव पाइप नव्हेत. त्यांना आतून पेशींचे अतिशय पातळ अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्यामुळे रक्तवाहिनी सैलावते, रुंदावते. या शोधाबद्दल १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पोटावर चरबी साठली, रक्तदाब व साखर वाढली की हे अस्तर बिघडते आणि वाहिन्या ताठर होतात. पाळी गेल्यावर स्त्रियांना संप्रेरकांचे मिळणारे संरक्षणही कमी होते.

भरभर चालताना रक्ताचा प्रवाह वाढतो, अस्तराला चालना मिळते व हा वायू अधिक तयार होतो. म्हणून वजन फारसे न उतरताही फायदा सुरू होतो. चालणे सुटले की तो ओसरतो.

"दिवसभर घरकाम करतेच की!" असे बहुतेकजणी म्हणतात. घरकाम चांगलेच, पण ते थांबत थांबत होते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला. वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

आहारात भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक असू द्या. मीठ दिवसभरात सर्व मिळून चहाच्या एका चमच्याहून कमी. पापड-लोणचेही त्यातच धरा. उपवासाला साबुदाणा खिचडी व वेफर्सऐवजी फळे घ्या. आणि उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या पोटात ढकलू नका.

कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असल्यास रक्तदाब व साखर तपासून घ्या. चालताना छाती भरून आली, जबडा किंवा हात दुखला, दम लागला तर 'गॅसेस' समजून घरी थांबू नका, ताबडतोब डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका.

त्या भगिनी अजूनही रोज चालतात. आता शेजारणीलाही सोबत नेतात.